परतीची रात्र

2023 साली सर्वपित्री अमावास्या 14 ऑक्टोबरला, शनिवारी आली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर अमावास्येला गर्दी होतेच. हिंदू, मुसलमान सगळेच तिथे जातात, आणि बहुतेक जण कुटुंबकबिल्यासह जातात. त्या दिवशी नाशिकहून आलेले भाविक दर्शन आटोपून रात्री टेम्पो ट्रॅव्हलरने घरी निघाले. मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, वैजापूर तालुक्यातल्या जांबरगाव टोलनाक्याजवळ, त्यांची गाडी एका ट्रकवर मागून आदळली. 12 जणांचा जीव गेला, वीसहून अधिक जखमी झाले. गाडीत सुमारे 35 माणसं होती, म्हणजे आसनांच्या मानाने कितीतरी जास्त. उजाडलं तेव्हा घटस्थापना होती.

ट्रक त्या जागी का होता, परिवहन विभागाच्या पथकाने तो अडवला होता का, यावरून गुन्हा नोंदला गेला आणि विभागाच्या दोघा अधिकाऱ्यांना अटकही झाली. दोष कोणाचा, किती, हे न्यायालय ठरवील. मला इथे वेगळं काही सांगायचं आहे. या अपघाताच्या हकिकतीत जे जे आहे ते आपल्या प्रत्येकाच्या घरच्या सहलीत असतं: सुट्टीचा दिवस, देवदर्शन, भाड्याची एकच गाडी, तिच्यात जमेल तशी बसवलेली आपली माणसं आणि रात्रीतून घर गाठायचा बेत. या सगळ्यांत शेवटची गोष्ट मला सर्वांत घातक वाटते. जाताना आपण जेवढे सावध असतो, त्याच्या निम्मेही येताना नसतो.

परदेशात कुटुंबं चाकांवरचं घर घेऊन फिरतात. त्यातच बिछाना, त्यातच चूल. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण मराठी माणसाचं चाकांवरचं घर फार जुनं आहे. आधी मॅटाडोर होती, लग्नाच्या वऱ्हाडापासून काशीयात्रेपर्यंत सगळीकडे नेणारी. मग 1987 साली पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मन मर्सिडीजच्या आराखड्यावर ट्रॅव्हलर आणली. कंपनीचं नाव पुढे फोर्स मोटर्स झालं, लोकांच्या तोंडी मात्र टेम्पो ट्रॅव्हलरच राहिलं. जावळ काढायला, नवस फेडायला, अष्टविनायकाला, शिर्डी-शनिशिंगणापूरला याच गाडीतून जायचं. मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा उघडतो, मधल्या जागेत सतरंजी अंथरून पोरं झोपतात, टपावर गाद्या आणि गॅसची शेगडी बांधलेली असते. बांधणीने ती प्रवासी गाडी असली तरी आपण तिचं घर करतो, आणि घरात माणसं मोजून घ्यायची पद्धत नाही. "आत्याला मागे कसं ठेवायचं? पोरांना मांडीवर घेऊ." या मायेतून 17 आसनांच्या गाडीत 25 माणसं होतात.

आठ माणसं वाढली की साधारण साडेचारशे किलो वजन वाढतं. त्यात टपावरचं सामान धरा. हे वजन पहिल्यांदा जाणवतं ते टायरला. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि वर गेला की पुन्हा गोल होतो. ताशी शंभराच्या वेगात हे सेकंदाला दहा-बारा वेळा घडतं. प्रत्येक दबण्यात रबर थोडं तापतं. वजन जास्त किंवा हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा आत साठण्याचा वेग वाढला की रबराचे आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. मग एका क्षणी टायर फुटतो. लोक समृद्धीच्या सिमेंटला दोष देतात. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी रस्ता चटके देण्याइतका तापतो हे खरंच आहे, पण त्याच रस्त्यावरून त्याच दुपारी हजारो गाड्या नीट जातात. फुटतो तो बहुधा आधीच थकलेला टायर: जुना, कमी हवेचा, जास्त ओझ्याचा.

हवेबाबत एक गैरसमज घट्ट रुतलेला आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते म्हणून निघताना ती मुद्दाम थोडी कमी ठेवावी, असं अनेक जाणते चालकही सांगतात. हे बरोबर उलटं आहे. टायर दहा अंशांनी तापला की दाब साधारण दीड-दोन पौंडांनी वाढतो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलीच असते. हवा कमी ठेवली की टायर अधिक दबतो आणि मुळात ज्या उष्णतेला घाबरून आपण हवा काढली तीच वाढते. हवा पाहायची ती सकाळी, गाडी गार असताना, आणि भरायची ती कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेली. चाललेल्या गरम टायरमधून हवा सोडायची नाही. भाड्याची गाडी दारात आली की टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही चालत नाही. स्टेपनी तर कोणीच पाहत नाही. तिच्यातली हवा गाडी बंद पडल्यावर कळते.

हे सगळं नीट असूनही चाक बसू शकतं. डिसेंबर 2024 मध्ये वाशीम जिल्ह्यात समृद्धीवर पडलेल्या लोखंडी पत्र्याने रात्रीच्या वेळी पन्नासहून अधिक गाड्या पंक्चर झाल्या. सप्टेंबर 2025 मध्ये दौलताबादच्या परिसरात रस्त्याच्या भेगा बुजवण्यासाठी ठोकलेल्या धातूच्या नळ्यांनी काही गाड्यांची चाकं बसली. अशा वेळी गाडी बंद पडण्यापेक्षा त्यानंतर माणसं जे करतात ते जास्त धोक्याचं असतं. गाडी कडेला लागली की बायका-मुलं तिच्याच सावलीत बसतात, डबा उघडतात, आणि दोन-तीन पुरुष मागच्या चाकाशी वाकून उभे राहतात. मागून येणाऱ्या, डोळ्यांवर झापड आलेल्या चालकाला हे सगळं एका आकृतीसारखं दिसतं, आणि ती आकृती चालत आहे असंच त्याला वाटतं. म्हणून गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवावा. माणसांनी डाव्या दाराने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभं राहावं. पाऊस असला तरी.

आता झोपेबद्दल. या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

पहाटे पाचला निघायचं ठरलं तर चालक चारला उठलेला असतो. दिवसभर तो गाडी चालवतो. आपण दर्शनाच्या रांगेत असतो तेव्हा पार्किंगमध्ये गाडी राखतो, तापलेल्या केबिनमध्ये अर्धवट पडतो. रात्री नऊ वाजता त्याच्या जागेपणाला सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये याच विषयावरचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात मांडले. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या मेळाची क्षमता, रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरलेली असते. चोवीस तासांनी ती 0.10 टक्क्यांच्या पातळीवर जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क, म्हणजे 0.03 टक्के, ही मर्यादा आहे. दारूचा थेंब न घेतलेला, सरळमार्गी, माळकरी चालकही रात्री नऊला त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा गाडी चालवत असतो. दारू प्यालेल्याच्या गाडीत आपण पोरं बसवणार नाही. जागलेल्याच्या गाडीत मात्र निश्चिंत झोपतो.

शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते सहा या वेळात, ते माणसाला झोपेकडे ओढतं. दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा, थोडं हलकं. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि 25 जण गेले, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. 14 ऑगस्ट 2022 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माजी आमदार विनायक मेटे यांची गाडी ट्रकवर मागून आदळली तेव्हा पहाटेचे पाच वाजत होते. या प्रत्येक अपघाताचं कारण झोपच होतं असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाचा तपास वेगळा आहे. पण या वेळांना शरीराची राखीव ताकद संपलेली असते. समोर काही चुकलं तर सावरायला लागणारा अर्धा सेकंद हाताशी नसतो.

डुलकी लागली हे चालकाला कळतं असं आपण समजतो. तसं होत नाही. दोन-चार सेकंदांच्या झोपेत डोळे उघडेही असू शकतात, आणि जाग आल्यावर त्या सेकंदांची आठवण राहत नाही. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांत जवळपास 90 मीटर, कोणाच्याही ताब्यात नसलेली. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. वळण नाही, गाव नाही, म्हैस आडवी येत नाही, तेव्हा मेंदू रस्त्याची दखल घेणंच हळूहळू थांबवतो. डोळे बघत असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते सांगता येत नाही. जुन्या नाशिक रस्त्याने वैजापूरहून जाताना येवल्यापर्यंत दर दोन मिनिटांनी काहीतरी आडवं येतं. त्याचा वैताग येतो खरा, पण तो वैताग चालकाला जागं ठेवतो.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यांनी मिळतात ती काही मिनिटं. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच वीस मिनिटं झोपणं, हा त्यातल्या त्यात खरा उपाय. तोही तासा-दोन तासांपुरता. झोपेवर औषध झोपच.

जांबरगावच्या अपघातात समोर ट्रक होता. मेटे यांच्या गाडीसमोरही ट्रकच होता. अंधारात उभा ट्रक दिसत का नाही, हे समजून घ्यायला हवं, कारण "समोर एवढा ट्रक होता, दिसला कसा नाही?" हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर विचारला जातो आणि त्यात मेलेल्या चालकावरच आरोप असतो. डिपरवर असलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण 50 मीटर पोचतो. ताशी 100 च्या वेगाने तेवढं अंतर दोन सेकंदांच्या आत संपतं. धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सुमारे दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या वेळी ट्रक आठ-दहा मीटरवर असतो. ट्रकचे मागचे दिवे चालू असले तरी दुसरी अडचण उरते. समोरची वस्तू जवळ येत आहे हे डोळ्याला कळतं ते तिच्या आकाराच्या वाढीवरून. लांब असताना ही वाढ इतकी मंद असते की ट्रक चालत आहे की थांबला आहे ते उमगत नाही, आणि मग शेवटच्या काही सेकंदांत तो एकाएकी अंगावर येतो. ट्रकच्या मागच्या बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या आणि खाली आडवा लोखंडी दांडा बंधनकारक केला आहे तो यासाठीच. दांडा नसला किंवा कच्चा असला की लहान गाडीचा पुढचा भाग ट्रकखाली शिरतो आणि ट्रकचा तळ थेट काचेच्या उंचीवर येतो. मग गाडीतली कोणतीही सुरक्षा कामाची राहत नाही. वेग ताशी 70 वर आणला तर तेवढ्याच 50 मीटरच्या उजेडात ब्रेकला वीसेक मीटर मिळतात. त्यात गाडी पूर्ण थांबेलच असं नाही, पण धडकेचा जोर बराच कमी होतो आणि बाजूने काढायलाही थोडा वाव मिळतो.

मागच्या सीटचं दुखणं वेगळंच. मागे बसलं की आपण सुरक्षित, हा समज खेडोपाडी आहे तसा शहरातही आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते. तोही परतीचाच प्रवास, दुपारचा. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. पट्टा न लावलेले मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. 2014 च्या जूनमध्ये दिल्लीत मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्या आसनावर होते, आणि ते तर शहरातल्या रस्त्यावर. मराठवाड्यात हे दुःख घराघरात आहे, तरी मागचा पट्टा घराघरात पोचला नाही. गाडी थांबते तेव्हा आतलं माणूस थांबत नाही. ते गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर, पुढच्या माणसावर आदळतं. मांडीवर घेतलेलं मूल ताशी 50 च्या धडकेतही कोणत्याही आईच्या हातांना धरवत नाही. सतरंजीवर झोपलेल्या पोरांबद्दल मला लिहवत नाही.

लहान आपत्तींचं काय? त्या प्रत्येक सहलीत येतात आणि बहुतेक निभावतात. पोरांना गाडी लागते, कारण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. त्यांना पुढच्या बाजूला बसवून लांबचं बघायला लावलं, खिडकी उघडली, निघताना तेलकट वड्याऐवजी दशमी दिली की निम्मं काम होतं. आलं खरंच उपयोगी पडतं, आजीचा आलेपाक उगाच नव्हता. कन्नडच्या औट्रम घाटात खाली उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे चालक अजून आहेत. त्यांना ताबडतोब थांबवावं, कारण मग सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापून धरेनासे होतात. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुना नियम आजही खरा. गाडी गरम झाली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, दाब सुटताच त्याची वाफ होऊन अंगावर येते.

एक आपत्ती मात्र लहान वाटते आणि नसते. थकून गाडी कडेला घेतली, काचा बंद केल्या, इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि सगळे झोपले. डिसेंबर 2024 मध्ये केरळातल्या वटकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा घट्ट धरून बसतो. झोपलेल्याला काही कळतच नाही. गाडीत झोपायचंच असेल तर इंजिन बंद आणि काचा उघड्या ठेवायच्या. डास चावतील, चावू द्यावेत. शेगडी तर बंद गाडीत कधीच पेटवायची नाही.

अपघात झालाच तर 108 ला फोन करावा. जानेवारी 2014 पासून ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रभर आहे. वैजापूरच्या टापूत जखमींना आधी उपजिल्हा रुग्णालयात नेतात, तिथून गंभीर असतील तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. जवळच्या वस्तीवरचे लोक सगळ्यांआधी धावून येतात, हा या भागाचा धर्मच आहे. त्यांना एक माहीत असायला हवं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 134अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आपलं नाव-गाव सांगायची सक्ती पोलीस किंवा दवाखाना त्याच्यावर करू शकत नाही.

परतीची रात्र टाळायची तर मुक्काम करावा लागतो, आणि तो खर्चाचा नाही तर सवयीचा प्रश्न आहे असं मला वाटतं. शेगावला, शिर्डीला भक्तनिवास आहेत, माफक दरात. एसटीने हे फार पूर्वी सोडवलं: मुक्कामी गाडी रात्री शेवटच्या गावी जाऊन थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी माणसं घेऊन निघते. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा 2025 पर्यंत चालकाला दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता. भाड्याने गाडी ठरवताना आपण किलोमीटरचा दर विचारतो, डिझेल कोणाचं ते विचारतो, टोल कोणाचा ते विचारतो. त्याच बोलण्यात विचारावं, "दादा, काल रात्री कुठल्या ट्रिपवर होतात? किती झोपलात?" उत्तर मनाला पटलं नाही तर दुसरा चालक मागावा. आणि दर्शन संध्याकाळी पाचनंतर आटोपणार असेल तर भक्तनिवासात आपल्या खोल्यांबरोबर चालकाची खाट आधीच सांगून ठेवावी. पहाटे निघालं तर सैलानीहून नाशिक दुपारच्या जेवणाला गाठता येतं.